मण्यारीच्या डीएनएपासून न्यायासनापर्यंत : हैदराबादच्या सीडीएफडीची वाटचाल

हैदराबादच्या उप्पल भागातील सेंटर फॉर डीएनए फिंगरप्रिंटिंग अँड डायग्नॉस्टिक्स, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली सीडीएफडी, आता तीन दशकांची होत आहे. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतली ही संस्था. खून, बलात्कार, पितृत्वाचे वाद आणि ओळख न पटलेले मृतदेह अशा प्रकरणांत तिने देशभरातल्या न्यायालयांना आणि तपास यंत्रणांना साहाय्य केले. आज तालुक्याच्या पोलीस ठाण्यातला हवालदारही ‘डीएनएला पाठवलंय’ असे सहज म्हणतो. चाळीस वर्षांपूर्वी हा शब्द जीवशास्त्राच्या वर्गाबाहेर क्वचितच ऐकू यायचा. तिथून इथवरची वाट कोणी पाडली हे सांगायचे, तर सीडीएफडीचा आणि तिची मातृसंस्था असलेल्या सीसीएमबीचा, म्हणजे सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजीचा, इतिहास एकत्रच सांगावा लागतो.

या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. प्रयोगशाळेत सापडलेले सत्य न्यायालयात टिकायचे असेल, तर नमुना गोळा करणाऱ्या हातापासून अहवालावरच्या सहीपर्यंत प्रत्येक पायरी चोख असावी लागते. जिथे ही साखळी अखंड राहिली तिथे वर्षानुवर्षे रखडलेला न्यायही मिळाला. जिथे ती तुटली तिथे उत्तम विज्ञान वाया गेले. संस्थेच्या वाटचालीकडे पाहताना हा धागा हातातून सुटू देऊ नये.

सापांचा अभ्यासक

भारतात ही वाट पाडणाऱ्या डॉ. लालजी सिंह यांचा जन्म ५ जुलै १९४७ रोजी उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातल्या कलवारी गावी, शेतकरी कुटुंबात झाला. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. एस. पी. रायचौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सापांच्या गुणसूत्रांवर संशोधन केले आणि १९७१ मध्ये पीएच.डी. मिळवली. सापांमध्ये नर-मादी ठरते कसे, हा त्यांचा प्रश्न होता. गुन्हा, पोलीस, न्यायालय यांचा त्या प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता.

१९७४ मध्ये राष्ट्रकुल शिष्यवृत्तीवर ते एडिनबरा विद्यापीठात गेले. तिथे केन जोन्स आणि सहकाऱ्यांबरोबर काम करताना पट्टेरी मण्यारीच्या मादीच्या डीएनएत त्यांना एक वेगळा अंश सापडला. या जातीच्या इंग्रजी नावावरून त्याला ‘बीकेएम’ म्हटले गेले आणि १९८० मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या अंशात जीएटीए अशी चार अक्षरे एकापुढे एक, पुन्हा पुन्हा लिहिलेली आढळतात. ही अक्षरे म्हणजे डीएनएच्या साखळीतली रासायनिक एकके. मण्यारीत सापडलेली ही पुनरावृत्ती उंदरात आणि माणसातही होती. माणसात ती जागोजागी विखुरलेली असते आणि प्रत्येकात तिची लांबी वेगवेगळी असते. पट्टेरी मण्यार आपल्या विदर्भातही आढळते. एका विषारी सापाच्या अभ्यासातून भारतीय न्यायव्यवस्थेला साक्षीदार मिळाला, हे मूलभूत संशोधनाच्या बाजूने सांगता येईल असे फार मोठे उदाहरण आहे.

सीसीएमबीचे संस्थापक संचालक पुष्पमित्र भार्गव यांच्या आग्रहावरून लालजी सिंह १९८७ मध्ये मायदेशी परतले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते सीसीएमबीची वास्तू राष्ट्राला अर्पण झाली. पुढच्या थोड्याच काळात लालजी सिंह यांनी बीकेएमपासून तयार केलेला शोधक, म्हणजे जुळणाऱ्या जागी चिकटणारा डीएनएचा तुकडा, माणसाच्या डीएनएवर वापरून पाहिला आणि प्रत्येक व्यक्तीचा वेगळा ठसा मिळतो हे दाखवून दिले.

लेस्टरचा धडा

यापूर्वी १० सप्टेंबर १९८४ रोजी इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांना एका एक्स-रे फिल्मवर असाच ठसा दिसला होता. लेस्टरजवळच्या दोन गावांत १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यांतल्या एका खुनाची कबुली दिली होती. जेफ्रीज यांच्या चाचणीने दोन्ही खून एकाच माणसाने केल्याचे आणि तो माणूस हा मुलगा नसल्याचे दाखवले. मुलगा सुटला. त्यानंतर परिसरातील हजारो पुरुषांच्या रक्ताची तपासणी झाली आणि १९८८ मध्ये खऱ्या खुन्याला, कॉलिन पिचफोर्कला, जन्मठेप झाली. गुन्हेगारी तपासात डीएनएने केलेले पहिले काम निर्दोषाला सोडवण्याचे होते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावे असे आहे.

जेफ्रीज यांचे शोधक पुढे एका ब्रिटिश कंपनीमार्फत व्यापारी स्वरूपात वापरले जाऊ लागले. लालजी सिंह यांच्यामुळे भारताकडे स्वतःचा शोधक आला. परदेशी परवान्यासाठी अडून न राहता भारतीय न्यायालयाला भारतीय प्रयोगशाळेकडून उत्तर मिळू शकेल, याची सोय त्यामुळे झाली.

तलश्शेरीची कसोटी

न्यायालयातली पहिली मोठी कसोटी केरळमध्ये लागली. तलश्शेरीच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे एका आईचा पोटगीचा अर्ज होता आणि मुलाचे पितृत्व तो पुरुष नाकारत होता. आई, मूल आणि तो पुरुष अशा तिघांच्या रक्ताची तपासणी सीसीएमबीत झाली. तत्त्व साधे होते. मुलाच्या ठशातला, म्हणजे एक्स-रे फिल्मवर उमटणारा, प्रत्येक पट्टा आईकडून किंवा बापाकडून आलेला असतो. आईशी जुळणारे पट्टे बाजूला काढले, की उरलेले सगळे खऱ्या बापात सापडलेच पाहिजेत. त्या पुरुषात ते सापडले. लालजी सिंह यांनी स्वतः साक्ष दिली, उलटतपासणीला तोंड दिले आणि १९९१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने हा पुरावा ग्राह्य धरला.

त्या वेळी कायद्याच्या पुस्तकात डीएनएचा उल्लेखही नव्हता. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ४५ मधली तज्ज्ञाच्या मताची तरतूद एवढाच आधार होता. म्हणून शास्त्रज्ञाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून न्यायाधीशांना अगदी पहिल्यापासून, पेशी म्हणजे काय इथून, समजावून सांगावे लागे.

नव्वदच्या दशकातले खटले

२१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी यांची हत्या झाली. साडेतीन वर्षांपूर्वी त्यांनीच राष्ट्राला अर्पण केलेल्या सीसीएमबीत त्या स्फोटातले मानवी अवशेष तपासासाठी आले. हल्लेखोर स्त्रीची ओळख पक्की करण्यात या तपासणीची मदत झाली. १९९५ मध्ये चंडीगढला पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची हत्या झाली, तेव्हाही मानवी बॉम्ब झालेल्या हल्लेखोराच्या ओळखीसाठी याच तंत्राचा आधार घेतला गेला.

तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ आश्रम चालवणाऱ्या स्वामी प्रेमानंदवर आश्रमातल्या मुलींवरील बलात्काराचे आणि एका खुनाचे आरोप होते. एका मुलीचा गर्भपात झाला होता आणि त्या गर्भाच्या ऊती जपून ठेवल्या गेल्या होत्या. सीसीएमबीच्या चाचणीने गर्भाचा पिता प्रेमानंद असल्याचे दाखवले. बचाव पक्षाने इंग्लंडहून स्वतःचा तज्ज्ञ आणला. दोन तज्ज्ञांची मते न्यायालयात समोरासमोर आली आणि न्यायालयाने हैदराबादचे विश्लेषण मान्य केले. १९९७ मध्ये पुदुकोट्टईच्या सत्र न्यायाधीश आर. बानुमती यांनी जन्मठेपेची शिक्षा दिली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. याच बानुमती पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दिल्लीच्या २०१२ मधील सामूहिक बलात्कार खटल्याचा २०१७ चा अंतिम निकाल देणाऱ्या खंडपीठात त्या होत्या आणि त्या खटल्यातही डीएनए पुराव्याला महत्त्वाचे स्थान होते.

जुलै १९९५ मध्ये दिल्लीतल्या एका उपाहारगृहाच्या तंदूरमध्ये एका तरुणीचा मृतदेह जाळला जात असल्याचे गस्तीवरच्या पोलिसाच्या लक्षात आले. चेहऱ्यावरून ओळख पटवण्यासारखे काही उरलेले नव्हते. अवशेषांचा डीएनए तिच्या आईवडिलांच्या रक्ताशी ताडून सीसीएमबीचे डॉ. जी. व्ही. राव यांनी ओळख निश्चित केली. ‘हा मृतदेह तिचाच कशावरून?’ या बचावाच्या प्रश्नाला त्यामुळे ठोस उत्तर मिळाले.

जानेवारी १९९६ मध्ये दिल्लीत कायद्याच्या एका विद्यार्थिनीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. कपड्यांवरचे डाग आणि आरोपीचे रक्त जुळत असल्याचा अहवाल लालजी सिंह आणि राव यांनी दिला होता. तरी १९९९ मध्ये सत्र न्यायालयाने नमुन्यांबद्दल शंका घेतली, अहवाल बाजूला ठेवला आणि आरोपीची निर्दोष सुटका केली. देशभर संताप उसळला. २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तोच अहवाल तपासला, तो विश्वासार्ह मानला आणि आरोपीला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दोष कायम ठेवून फाशीऐवजी जन्मठेप दिली. अहवालातले एक अक्षरही बदलले नव्हते. बदलला होता तो नमुन्यांच्या हाताळणीबद्दलचा न्यायालयाचा विश्वास. मुलीच्या वडिलांना त्यासाठी दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

स्वतंत्र घर

खटल्यांचा ओघ वाढू लागला, तसा एक प्रश्न टोकदार होत गेला. सीसीएमबी ही मूलभूत संशोधनाची संस्था. तिथल्या शास्त्रज्ञांनी संशोधन करायचे, की समन्स आले की देशभरातल्या न्यायालयांत साक्षीला धावायचे? याच निकडीतून १९९० च्या दशकाच्या मध्यावर जैवतंत्रज्ञान विभागाने सीडीएफडी उभी केली. लालजी सिंह १९९५ ते १९९९ या काळात तिचे विशेष कार्याधिकारी होते. १९९८ मध्ये त्यांच्याकडे सीसीएमबीचे संचालकपद आले आणि ते २००९ पर्यंत त्यांच्याकडे राहिले.

सीडीएफडीचे सुरुवातीचे दिवस नाचारमला गेले. नंतर अनेक वर्षे नामपल्लीतल्या इमारतींमध्ये काम चालले. आज उप्पलला संस्थेची स्वतःची वास्तू आहे. १९९९ मध्ये सय्यद एहतेशाम हसनैन संचालक झाले. त्यांच्या काळात क्षयरोगाच्या जंतूवरील संशोधन आणि जैवमाहितीशास्त्र यांना बळ मिळाले. पुढे जे. गौरीशंकर आणि इतर संचालकांनी ही धुरा वाहिली. लालजी सिंह यांच्यासोबत सीसीएमबीत वर्षानुवर्षे काम केलेले के. थंगराज २०२१ मध्ये संचालक झाले.

नावातला ‘डायग्नॉस्टिक्स’ हा दुसरा भागही संस्थेने मनापासून सांभाळला. आनुवंशिक आजारांचे निदान आणि कुटुंबांना समुपदेशन हे काम इथे चालते. अपेडा या निर्यात प्राधिकरणासोबत बासमती तांदळाची शुद्धता डीएनएवरून तपासण्याचे केंद्रही इथे उभे राहिले.

फिल्मवरच्या पट्ट्यांपासून पडद्यावरच्या शिखरांपर्यंत

सुरुवातीच्या काळातली एक चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. डाग पडलेल्या कापडाचा तुकडा कापायचा, पेशी फोडायच्या आणि प्रथिने वेगळी करून डीएनए शुद्ध करायचा. ठराविक जागी कात्री चालवणारे विकर घालून त्याचे तुकडे करायचे. हे तुकडे अॅगरोजच्या पातळ थरात सोडून रात्रभर मंद विद्युतप्रवाह द्यायचा. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. मग ते सगळे नायलॉनच्या पटलावर उतरवून घ्यायचे आणि किरणोत्सारी फॉस्फरस लावलेला शोधक त्यावर सोडायचा. तो आपल्याशी जुळणाऱ्या जागी जाऊन चिकटतो. पटलावर एक्स-रे फिल्म ठेवून ती उणे सत्तर अंशांच्या फ्रीजरमध्ये काही दिवस ठेवायची. फिल्म धुतल्यावर शिडीच्या पायऱ्यांसारखे काळे पट्टे उमटतात. पीडितेची रांग, डागाची रांग, आरोपीची रांग अशा शेजारी शेजारी ठेवून पट्टी लावून ताडून पाहायच्या. या सगळ्यात काही आठवडे जात. शिवाय डाग ताजा आणि चांगला मोठा असावा लागे. जुन्या, सडलेल्या नमुन्यापुढे हे तंत्र हात टेकत असे.

पुढे पॉलिमरेज चेन रिअॅक्शन म्हणजे पीसीआर आले आणि चित्र पालटले. डीएनएतल्या ठराविक जागांवर दोन ते सहा अक्षरांचे छोटे शब्द अनेकदा लिहिलेले असतात. या जागांना एसटीआर म्हणतात. एखाद्या जागी कोणाकडे ते आठ वेळा, कोणाकडे अकरा वेळा. आईकडून एक आकडा आणि बापाकडून एक, असे प्रत्येक जागी दोन आकडे मिळतात. पीसीआरमुळे नेमक्या याच जागांच्या कोट्यवधी प्रती काढता येतात. म्हणून नॅनोग्रॅमभर, म्हणजे दीडएकशे पेशींमधला, डीएनएही पुरतो. फिल्मची जागा संगणकाच्या पडद्यावरच्या रंगीत शिखरांनी घेतली. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. अमेरिकेच्या डेटाबेसने सुरुवातीला अशा १३ जागा निवडल्या होत्या आणि २०१७ पासून २०. यांतल्या बऱ्याच जागा इतर देशांतही वापरल्या जातात. पुरुषांच्या वंशरेषेसाठी वाय गुणसूत्र आणि जुन्या हाडांसाठी आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए अशी आणखी साधने जोडीला आली.

‘जुळले’ एवढे सांगून मात्र भागत नाही. एका जागचे आकडे समाजातल्या दहांपैकी एकात आढळत असतील, तर दोन जागांचा मेळ शंभरांत एकाचा आणि तीन जागांचा हजारांत एकाचा. अशा वीस जागा धरल्या तर जगाच्या लोकसंख्येहून कितीतरी मोठी संख्या येते. पण त्यासाठी आपल्या समाजात कोणता आकडा किती वेळा आढळतो, हे आधी मोजलेले असावे लागते. जातीत आणि नात्यात लग्ने होणाऱ्या या देशात परदेशी तक्ते डोळे झाकून लावणे चुकीचे ठरते. भारतीय जनसमूहांच्या डीएनएचा हैदराबादच्या या संस्थांनी केलेला अभ्यास म्हणूनच न्यायदानाच्या दृष्टीनेही मोलाचा आहे. आणि एकसारख्या जुळ्या भावंडांचा ठसा एकच असतो, हा अपवाद न्यायालयाला सांगणेही तज्ज्ञाचे कर्तव्यच.

मुद्देमालाचा प्रवास

डीएनए तपासणीची खरी सुरुवात घटनास्थळी होते. रक्ताने भिजलेला सदरा ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला, तर बुरशी आणि जंतू दोनच दिवसांत डीएनए खाऊन टाकतात. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचा असतो. प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात. रक्त काढायचे तर ते न गोठवणाऱ्या ईडीटीएच्या नळीत, बर्फात ठेवून, शक्य तितक्या लवकर पाठवायचे. रक्त देणाऱ्याचा फोटो, सही, अंगठा आणि साक्षीदारांच्या सह्या असलेले ओळखपत्रक सोबत हवे, कारण पितृत्वाच्या वादात आपल्या जागी दुसऱ्यालाच रक्त द्यायला पाठवण्याचा मोह लोकांना होतो.

पुडके प्रयोगशाळेत आल्यावर सर्वांत आधी लाखेची मोहोर पाहिली जाते. सोबतच्या नमुना मोहोरेशी ती जुळते का, कुठे तडा आहे का, पंचनाम्यात लिहिलेल्या वस्तू आणि पुडक्यातल्या वस्तू एकच आहेत का, याची नोंद होते. मगच पुडके उघडले जाते. चाचणीच्या प्रत्येक फेरीत एक नळी कोरी ठेवतात. त्या कोऱ्या नळीत डीएनए दिसला, तर बाहेरचा डीएनए मिसळला असा अर्थ आणि ती फेरी बाद. काम करणाऱ्यांचे स्वतःचे ठसेही नोंदवून ठेवावे लागतात, म्हणजे नमुन्यात शास्त्रज्ञाचाच डीएनए शिरला असेल तर लगेच कळते. ही नीरस वाटणारी कामे रोज, न कंटाळता करणाऱ्या तंत्रज्ञांच्या खांद्यावर संस्थेची पत उभी आहे. त्यांची नावे निकालपत्रांत येत नाहीत. या स्मरणिकेत त्यांचे ऋण व्यक्त करणे हे आपले कर्तव्य आहे.

आपत्तीत आणि इतिहासात

२२ मे २०१० रोजी मंगळूरला विमान दरीत कोसळून १५८ जणांचा मृत्यू झाला. जळालेल्या मृतदेहांच्या ओळखीसाठी सीडीएफडीच्या शास्त्रज्ञांना पाचारण झाले. २०१३ च्या केदारनाथच्या महापुरानंतरही तिथले नमुने याच संस्थेकडे आले. आपले माणूस कोणते हे कळणे आणि अंत्यसंस्कारासाठी ते आपल्या हाती मिळणे, याचे मोल ज्या घरांवर ही वेळ आली त्यांनाच ठाऊक.

मातृसंस्थेत याच तंत्राने इतिहासाची कोडीही सुटली. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला एक हाड सापडले होते. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये इराणातल्या शिराझला मारली गेली आणि तिच्या अस्थी ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी गोव्यात आणल्या, असे जुने दस्तऐवज सांगत होते. सीसीएमबीने त्या हाडाच्या मायटोकाँड्रियल डीएनएचे विश्लेषण केले. भारतात तपासलेल्या हजारो व्यक्तींमध्ये न आढळणारा आणि जॉर्जियात आढळणारा वंशगट त्यात मिळाला. २०२१ मध्ये भारताने तो अवशेष सन्मानाने जॉर्जियाच्या स्वाधीन केला. पंजाबातल्या अजनाळ्याच्या विहिरीत सापडलेले सांगाडे १८५७ च्या उठावातल्या, गंगेच्या खोऱ्यातून आलेल्या शिपायांचे असल्याचा निष्कर्षही २०२२ मध्ये सीसीएमबी आणि सहकारी संस्थांनी मांडला.

महाराष्ट्रातला पडसाद

हैदराबादने घालून दिलेली वाट पुढे राज्यांच्या प्रयोगशाळांनी रुंद केली. आपल्याकडे पोलीस अजूनही ‘सीए रिपोर्ट आला का?’ असेच विचारतात, कारण ब्रिटिश अमदानीतल्या केमिकल अॅनालायझरचे नाव जिभेवर रुळले आहे. मुंबईत कलिन्याला मुख्यालय असलेल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाच्या कामात डीएनए विभागाला आज मोठे स्थान आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या तपासात ‘कुबेर’ या बोटीवर सापडलेल्या कपडे-ब्लँकेटसारख्या वस्तूंवरचा डीएनए दहशतवाद्यांशी ताडला गेला. समुद्रमार्गे आलेले आणि मुंबईत गोळ्या झाडणारे एकच आहेत, ही साखळी त्यातून पक्की झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात या पुराव्याची दखल घेतली.

विदर्भातल्या एका दाम्पत्याच्या पोटगीच्या वादातून कायद्याचा एक मोठा प्रश्न सुटला. विवाह टिकून असताना जन्मलेले मूल पतीचेच, असे तेव्हाच्या पुरावा कायद्याचे कलम ११२ मानत असे. डीएनए अहवाल त्याविरुद्ध असेल तर कोणाचे ऐकायचे? जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायद्याचे गृहीतक आणि विज्ञानाने सिद्ध झालेले सत्य यांत विरोध असेल, तर सत्याला प्राधान्य. दोनच वर्षांपूर्वी, २०१२ मध्ये, माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांच्या पितृत्वाच्या खटल्यात सीडीएफडीचा अहवाल न्यायालयात उघडला गेला होता आणि पितृत्व सिद्ध झाले होते.

ठशाची मर्यादा

संस्थेच्या गौरवासोबत मर्यादेचीही नोंद झाली पाहिजे. नोएडातल्या निठारीत २००६ च्या अखेरीस मुलांचे अवशेष सापडले. त्यांची ओळख पटवण्याचे काम सीडीएफडीने केले आणि आईवडिलांच्या रक्ताशी जुळणी करून मुलांची नावे निश्चित केली. आरोपीला फाशी सुनावली गेली. पण २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेला पुरावा अपुरा मानला आणि शेवटी आरोपी सर्व खटल्यांतून सुटला. हाडे कोणाची हे डीएनएने सांगितले. मारणारा हात कोणाचा, हे सांगणे त्या हाडांच्या आवाक्यात नव्हते. ते सिद्ध करण्याची जबाबदारी तपासाची होती.

दिल्लीच्या छावला भागातून २०१२ मध्ये अपहरण झालेल्या तरुणीच्या खून खटल्यात फाशी झालेले तिघे आरोपी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडले. फेब्रुवारीच्या १४ आणि १६ तारखेला घेतलेले नमुने २७ तारखेपर्यंत पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून होते. त्यांत फेरफार झाला नसेल अशी खात्री न्यायालयाला वाटली नाही. अकरा दिवसांच्या ढिलाईने सगळा डीएनए पुरावा कुचकामी झाला. गुन्हेगार सुटले की निर्दोष दहा वर्षे तुरुंगात राहिले, हे आता कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. दोन्हींपैकी काहीही खरे असले तरी तो अन्यायच आहे.

अपुरे राहिलेले काम

२००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत ५३अ आणि १६४अ ही कलमे आली आणि बलात्काराच्या तपासात डीएनएसाठी नमुने घेण्याला २००६ पासून स्पष्ट आधार मिळाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे बंधनकारक करण्याची तरतूद केली. ही पावले स्वागतार्ह आहेत.

डीएनएसाठीचा स्वतंत्र कायदा मात्र अजून झालेला नाही. त्याच्या मसुद्याचे काम सीडीएफडीने पुढाकार घेऊन केले आणि २००७ मध्ये एक मसुदा तयार झाला. त्यानंतर मसुदे बदलत गेले. २०१९ च्या जानेवारीत लोकसभेने विधेयक मंजूर केले, ते कालबाह्य झाले. त्याच वर्षी पुन्हा मांडलेले विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. दरम्यान नमुने घेतले जात आहेत आणि अहवाल दिले जात आहेत. निर्दोष सुटलेल्या माणसाचा ठसा किती दिवस ठेवायचा, तो कोणाला पाहता येईल, डीएनएवरून कळणारी आजारांची किंवा नात्यांची माहिती दुसऱ्या कामासाठी वापरली तर शिक्षा काय, याची उत्तरे संसदेने द्यायची आहेत. गरीब आरोपीला स्वतःच्या खर्चाने फेरतपासणी करणे परवडत नाही. त्याच्या वकिलाला मूळ आलेख मागून घेता आले पाहिजेत आणि ते वाचणारा तज्ज्ञही मिळाला पाहिजे.

लालजी सिंह १० डिसेंबर २०१७ रोजी गेले. बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू असताना त्यांनी केवळ एक रुपया वेतन घेतले होते. २००४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यांच्या हयातीत मण्यारीच्या डीएनएपासून देशाला एक शोधक मिळाला, त्या शोधकावर एक संस्था उभी राहिली आणि न्यायालयांनी तिच्यावर विश्वास ठेवला. त्यांच्यानंतरच्या पिढीवर हा विश्वास जपण्याची जबाबदारी आहे. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात नमुना नीट वाळवणारा, नीट बांधणारा आणि वेळेत पाठवणारा पोलीस हवा. प्रयोगशाळांत पुरेशी भरती हवी, म्हणजे अहवालासाठी कच्च्या कैद्याला महिनोन्‌महिने तुरुंगात थांबावे लागणार नाही. आणि आरोपीच्या बाजूचा निष्कर्ष आला, तर तो आरोपीच्या विरुद्धच्या निष्कर्षाइतक्याच तत्परतेने आणि ठामपणे न्यायालयापुढे ठेवणारा तज्ज्ञ हवा. लेस्टरच्या त्या मुलाची सुटका झाली ती अशाच तज्ज्ञामुळे. सीडीएफडीच्या पुढच्या तीस वर्षांचे मोजमाप याच कसोटीवर व्हावे.